हवालदारांचा भूप

गाण्याला माझा कान तयार आहे. एकच. दुसरा कुपवाडला कारखान्यात लेथच्या खडखडाटात गेला. आणि उरलेला तयार आहे असं म्हणणारा अख्ख्या सांगलीत मी एकटाच!

तरी आमच्या वाद्यवृंदाचे किस्से माझ्याकडेच साठले. बाकीचे ऐकणारे पाच मिनिटांत उठून जायचे, मी मात्र फजिती बघायला आणि टोमणे मारायला थांबायचो. घरातल्या भंगारासारखं झालंय, टाकवत नाही.

सन पंचाहत्तरच्या आसपासचं हे. वृंद म्हणजे कारखान्यातलेच दहा-बारा जण. फिटर, टर्नर, गेटवरचा वॉचमन. मास्तर गणपतराव, लष्करी बँडातून रिटायर झालेले हवालदार, क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांचा एकच ध्यास: भूप राग वीस मिनिटं, सगळ्यांनी मिळून, शेवटपर्यंत. शेवटाला सगळी वाद्यं थांबणार आणि झांजेचा एकच टोला. तो पडला की राग पुरा. चार वर्षं तो टोला काही पडला नाही.

*

पहिला कार्यक्रम कारखान्याच्या आवारात. भूप चालायला लागला होता, म्हणजे आजारी म्हैस चालते तसा. तेवढ्यात पाचचा भोंगा झाला. वाजवणाऱ्यांनी सवयीनं वाद्यं खाली ठेवली आणि रांगेनं नळावर हात धुवायला गेले! हवालदार डोळे मिटून एकटेच वाजवत होते. त्यांना पत्ताच नाही.

*

आष्ट्याला पुढच्या दोन रांगा पेन्शनर फौजींच्या. हवालदारांनी बँडातल्या सवयीनं आधी "सावधान" म्हटलं. दोन्ही रांगा ताडकन उभ्या! मागच्यांना काही दिसेना, ते बसा की, बसा की म्हणून ओरडायला लागले. पण हुकमाशिवाय फौजी बसतोय कसला? शेवटी हवालदारांनी "विश्राम" दिला. तेव्हा पाय फाकवून उभे राहिले! मागचे घरी गेले.

*

कोयनानगरला लाकडी स्टेज. मोठा ड्रम घुमला, स्टेज हादरलं, खुर्च्या थरथरल्या. सदुसष्टच्या भूकंपापासून तिथली माणसं असल्या बाबतीत लय तयार. मिनिटात हॉल रिकामा, पोरंबाळं मैदानात! मीच आत जाऊन निरोप दिला, "हवालदार, लोक बाहेर थांबलेत. तुमचं वाजवायचं थांबलं की आत येतो म्हणतात."

*

साताऱ्याचं पाप मात्र माझं. पुढच्या रांगेत बसून मी हवालदारांसमोर हिरवी चिंच चोखली. तोंडाला पाणी सुटलं की फुंकणारा संपलाच. क्लॅरिनेटमधून सूर कुठला, नुसती लाळ! हवालदार रागावले नाहीत. क्लॅरिनेट पुसून पेटीत घातलं आणि म्हणाले, "बोटं थरथरायला लागली, नाना. आता आणखी एक कार्यक्रम झाला तर झाला."

मी हसलो होतो.

*

तो एक सांगलीत झाला, शाळेच्या हॉलमध्ये. नेमका झांजवाला तापानं फणफणला. हवालदारांनी सरळ माझ्याच हातात झांज दिली. म्हणाले, "इथं उभा राहिलास म्हणजे समोर बसून चिंच तरी खाणार नाहीस. मी मान खाली घातली की एकदा वाजव, तेवढंच काम."

चिंच खिशात होतीच. आज भोंगा नव्हता, फौजी नव्हते, ड्रम त्यांनी घरीच ठेवला होता. व्हायोलिन नेहमीसारखं कण्हत होतं. सात-आठ मिनिटांनी ते कण्हायचं थांबलं. मग हवालदारांनी सूर वर नेला, आणि ते फिटर-टर्नर एकमेकांना न ढकलता मागोमाग वर गेले.

कधीतरी सगळं थांबलं. हॉलमध्ये कोणी खोकतही नव्हतं. हवालदार माझ्याकडे बघून मान खाली घालत होते. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. माझ्या हातातल्या झांजा एकमेकींपासून वीतभर लांब, तशाच.

लोक थोडा वेळ वाट बघत बसले, मग चपला शोधायला लागले. हवालदारांनी क्लॅरिनेट पुसून पेटीत घातलं आणि माझ्यापुढं येऊन झांज काढून घेतली.

"चार वर्षं तुजं तोंड बंद झालं न्हाई, नाना," ते म्हणाले, "आन आज गप ऱ्हायलास, ते नेमकं वाजवायच्या वक्ताला व्हय रं?"