आई फिरायला जाते, दिव्याला माणूस पाहिजे

तुमच्या गावच्या बंद घराची किल्ली कोणाकडे आहे, आणि ती सांभाळणारीला तुम्ही कधी विचारलंत का, की बाई, तू कधी फिरायला जाणार?

आमच्या घरात हा प्रश्न यंदा पावसाळ्यात उभा राहिला, तोही सहलीच्या गडबडीत.

मिठबावच्या अलीकडे किनाऱ्याला लागून आमची वाडी. बाबांची छोटी होडी, आईची मासळीची पाटी. मासेमारी बंदीच्या दिवसांत होडी माडाच्या झापांखाली झाकून ठेवतात, तेवढाच आमचा मोकळा काळ. धाकट्या बहिणीची बारावी संपली आणि तिने हट्ट धरला, थीम पार्कच्या शहरात जायचं. शहराचं नाव लिहीत नाही. त्यांच्या जाहिरातीला माझी गरज नाही. तिथे आकाशपाळणे आहेत, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत आणि यंत्राने उठवलेल्या लाटा आहेत.

"लाटा?" बाबा म्हणाले. "पैसे देवन लाटा? हडे फुकट आसत, त्यांका कोण इचारता?"

"बाबा, थंयच्या लाटांक मासळीचो वास येणा नाय," बहीण म्हणाली.

माझाही विरोध होता, पण तो तत्त्वाचा. लहान होडीवाल्यांच्या हक्कासाठी बाबा आणि त्यांचे सोबती पत्रकं काढायचे. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी ती आली. 'बांधवांनो, जागे व्हा' या ओळीवर बोट ठेवून मी अक्षरं शिकले. त्यामुळे जादा पैसे भरणाऱ्याला रांग मोडून पुढे सोडणारं एक महागडं तिकीट तिथे मिळतं, हे वाचल्यावर माझं डोकं तापलं. ओटीवर उभी राहून मी बोलायला लागले. उन्हात उभी असलेली पोरं मागे आणि पैसेवाल्याचं पोर पुढे, हा कसला खेळ?

"गो बाय," बहिणीने विचारलं, "तू पाळण्यात बसतलस काय थंय मोर्चो काढतलस?"

"दोनय करतलंय!"

शेवटी ठराव झाला. साधं तिकीट, साधी रांग. बाबांनी हात वर केला, बहिणीने नाइलाजाने केला. कोपऱ्यात सुकट निवडत बसलेल्या आईने केला नाही; आम्हाला वाटलं, हात भरलेत म्हणून.

मग बहीण मोबाइलवर कणकवलीहून सुटणाऱ्या गाडीची जागा बघायला लागली. "चार," ती पुटपुटली.

"तीन," आई म्हणाली.

"तीन कशे?"

"मी खंय येतंय? तिन्हीसांजेक दिवो कोण लावतलो?"

इथे सांगायला हवं. आमच्या वाडीत मुंबईला गेलेल्यांची घरं वर्षभर बंद असतात. पण बंद घर काळोखात ठेवायचं नाही, अशी रीत आहे. संध्याकाळी कोणीतरी जाऊन तुळशीपुढे आणि देवापुढे दिवा लावायचा. हे 'कोणीतरी' म्हणजे आमची आई. स्वयंपाकघरात दारामागे खिळ्याला शेजारच्या तीन घरांच्या किल्ल्या टांगलेल्या आहेत. पाटी विकून आली, की पाय धुऊन ती किल्ल्या उचलते. रिकाम्या घरातही खाकरून शिरते. आत माणसं असल्यासारखी म्हणते, "इलंय गो, मी इलंय."

"चार दिवस काळोख रवलो तर देव काय पळान जातलो?" बाबा म्हणाले.

"आपल्या घरात रवांदे काळोख. लोकांची घरां माझ्या शब्दार आसत."

विषय संपला. आई सुपातला कचरा फेकायला उठली. जाता जाता बहिणीच्या मोबाइलवर वाकली आणि म्हणाली, "ती निळी घसरगुंडी परत दाखय गो." पाहिली. पुन्हा पाहिली. मग आमच्याकडे न बघता विचारलं, "साडी नेसान बसूक देतत?"

त्या प्रश्नानंतर मला रांगेचं तिकीट आठवेनासं झालं. ज्या बाईला निळ्या घसरगुंडीवर बसायचं होतं, ती दुसऱ्यांच्या दिव्यांसाठी घरी राहणार होती, आणि दिव्यांचे मालक मुंबईत आरामात होते. मी कागद ओढला. मथळा दिला: 'किल्ल्या कोणाच्या, राबणूक कोणाची?' खाली 'निर्लज्ज', 'आयतोबा', 'जाब द्या' असं सगळं आलं.

बाबांनी वाचलं. "अक्षर बरां आसा," म्हणाले, "पण इतक्या रागान बोलवल्यार दिवो लावूक कोण येतलो?" त्यांनी पेन घेतलं आणि खोडत गेले. शेवटी एकच ओळ उरली: 'आई चार दिवस फिरायला जाते आहे, दिव्याला माणूस पाहिजे.'

मला ते पत्रक फार मवाळ वाटलं. तरी वाडीच्या मोबाइल ग्रुपवर टाकलं. मुंबईहून जोडलेले हात आले, हसरे चेहरे आले. एकाने 'मस्त! फोटो पाठवा' लिहिलं. एकाने तर लिहिलं, 'काकी, जायच्या आधी आमचं छप्पर गळतं का तेवढं बघून घ्या.' बाबांनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला म्हणून बरं.

दिवेलागणीला मात्र दारात बॅटरी चमकली. शेजारचे म्हातारे काका. एके काळी मोठ्या होडीचे तांडेल, म्हणजे अख्ख्या होडीवर त्यांचाच शब्द चालायचा. आता गुडघे त्यांचं ऐकत नाहीत.

"खंयच्या घरापासून सुरवात?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या घरात तरी कधी लावलास दिवो?" आई म्हणाली.

"नाय. म्हणान तर शिकूक इलंय!"

आईने त्यांना वात वळायला शिकवली, तेल किती ते दाखवलं, खाकरायलाही लावलं. पहिल्या घरात काकांनी दिवा लावला, हात जोडले आणि होडी पाण्यात लोटतानाच्या आवाजात गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, सुरू केलं. या घरातल्यांना सांभाळ, वाडीला सांभाळ, होड्यांना सांभाळ, मुंबईवाल्यांना सांभाळ. आम्ही मागे उभे राहून "व्हय म्हाराजा!" म्हणत होतो. दुसऱ्या घरातही तेवढंच. तिसऱ्या घराशी पोचेपर्यंत मिट्ट काळोख झाला होता आणि ज्याच्यासाठी निघालो तो दिवा लागायचाच होता.

"शिरा पडली तुमच्या गाऱ्हाण्यार!" आई ओरडली. "घर काळोखात आसा आणि हे देवाक गजाली सांगतत!"

काकांनी घाईने काडी ओढली. दिवा लागल्यावर हळूच म्हणाले, "आता एकच. हे म्हाराजा, आमच्यातली एक बाय पयल्यांदा घसरगुंडीर बसूक जाता. तिका पोटभर हसव आणि सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बाबांचा.

आईने पदराने तोंड पुसलं, आणि मग ती अशी हसायला लागली, की तिला तुळशीच्या कट्ट्याला टेकावं लागलं. घरी आल्यावर तिने खिळ्यावरच्या किल्ल्या काढून काकांच्या हातात ठेवल्या. "गाऱ्हाणा एकाच घराक," तिने बजावलं. "बाकीच्यांक नुसतो नमस्कार."

बहिणीने चौथं तिकीट काढलं. साडी नेसून बसू देत नाहीत, हेही कळलं. त्यामुळे माझा पंजाबी ड्रेस आईच्या मापाला उसवणं चालू आहे. येत्या आठवड्यात आम्ही निघतोय.

आता तुमच्याकडे येते. तुमची किल्ली जिच्या खिळ्याला आहे, तिला आज फोन करा. छपराचं विचारू नका. तिला कुठे जायचंय ते विचारा, आणि त्या दिवसांची रजा काढून गावी या. तुमचा दिवा तुम्ही लावा.