मामांनी पाडलेला भाव

सांगितलेल्या किमतीला वस्तू घेणारा माणूस नुसता दिसला तरी घरी जाऊन आंघोळ करतील, असे एकच गृहस्थ हुबळीपासून धारवाडपर्यंत मला माहीत आहेत. ते म्हणजे आमच्या हिचे मामा. धारवाडच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाव पाडणं हेच त्यांचं देवकार्य. स्वतः जन्मभर बसने हिंडले. सायकलसुद्धा घेतली नाही, कारण चौदा दुकानं फिरूनही भाव पटला नाही. ओळखीत कुणी गाडी घेणार असं कानावर आलं, की मामा हुबळी, गदग, बेळगाव पालथं घालून शोरूमची कोटेशनं गोळा करणार आणि नव्या गाडीवाल्याला भर रस्त्यात अडवून "एष्टु बित्तु री? कितीला पडली?" असं दोन्ही भाषांत विचारणार. एका लग्नात तर वरात दारात थांबली असताना फुलांनी सजवलेल्या गाडीच्या खिडकीत डोकं घालून ते नवऱ्या मुलालाच विचारत होते, "इन्शुरन्स धरून, का सोडून?" नवऱ्या मुलाने बिचाऱ्याने मुंडावळ्या बाजूला करून उत्तरही दिलं.

आम्ही गाडी घ्यायची ठरवली, तेव्हा मामांनी पहिल्या बसने हुबळीला येऊन आमचा ताबाच घेतला. आधी घरी तालीम झाली. "आवडलेल्या गाडीकडे बघायचंच नाही. तू आपली पंख्याकडे बघत उभी राहा," असं हिला बजावलं. "आणि जावईबापू, तुम्ही तोंड पाडून उभं राहायचं. तेवढं तुम्हाला जमतंय की." पहिल्या दोन खेपा बोलण्यातच गेल्या. तिसऱ्या खेपेला मामा शोरूममध्ये सकाळी बसले ते उठेचनात. "हँडलिंग चार्ज म्हणजे काय हो? गाडी काय कारखान्यातून कडेवर घेऊन आलात?" सेल्समन घाम पुसत होता. दुपारी मामांनी तिथल्या गुबगुबीत सोफ्यावर डबा उघडला, भाकरी आणि शेंगांची चटणी काढली, आणि ज्याच्याशी भांडत होते त्यालाच "ऊटा माडरी, दोन घास खा" म्हणून आग्रह करू लागले. सारा शोरूम लसणाने दरवळला. नेमके त्याच वेळी आमच्या ऑफिसचे मोठे साहेब सपत्नीक आत आले. मामांकडे बघत त्यांनी मला विचारलं, "तुमच्याबरोबर आहेत?" आणि मी, बायकोच्या देखत, म्हणालो, "छे, इथंच भेटले." मामांनी ऐकलं की नाही कळलं नाही, ते भाकरी मोडत होते. ही मात्र पंख्याकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघू लागली.

पुन्हा तो सोफा, तो डबा नको, म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो आणि सांगितलेल्या किमतीला, हँडलिंग चार्जसकट, मुकाट्याने सही करून आलो. संध्याकाळी मामांचा फोन आला. "कितीला?" खरं सांगायचा धीर झाला नाही. म्हणालो, "तुमच्याच भावाला, मामा. शेवटी नमले." "बघा! मी म्हटलं नव्हतं?" मामा एवढे खूश झाले, की तो भाव आठ दिवसांत धारवाडभर झाला.

पुढचं मला गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगला कळलं, तेही त्या सेल्समनकडून, हसत हसत. मामा आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला घेऊन तिथं गेले होते. तो कलघटगीचा किराणा दुकानदार, सरांच्या शब्दावर विसंबून आलेला. "आमच्या जावयांना दिलात तोच भाव द्या," मामा म्हणाले. सेल्समनने काँप्युटर वळवून माझं बिल दाखवलं.

"मग? मामा काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, जावयांनी बरोबरच सांगितलं होतं री, माझ्याच ऐकण्यात चूक झाली."

विद्यार्थ्याने "राहू द्या सर" म्हणून दुसरीकडे गाडी घेतली. गोष्ट धारवाडला पोचली, आणि त्यानंतर मामांना कुणी बरोबर नेईनासं झालं. माझी लाज झाकायला मी त्यांची अब्रू घालवली होती.

तसाच उठून धारवाडला गेलो. मामा अंगणात अबोलीला पाणी घालत होते. मी म्हटलं, "मामा, मी खोटं बोललो."

"भावाचं? ते राहू द्या हो." त्यांनी झारी खाली ठेवली. मग म्हणाले, "साहेब आले तेव्हा मला हळूच सांगायचं होतं की. मी बाहेर जाऊन बसलो असतो."

खरंच बसले असते. उन्हात, मांडीवर डबा घेऊन, आणि काचेबाहेरून हातवारे करून आणखी दोन हजार कमी करायला लावले असते. मी झारी उचलून उरलेल्या अबोलीला पाणी घालू लागलो. मामा पाय धुऊन आत गेले. मामींना सांगताना त्यांचा आवाज ऐकू आला, "आपले जावई आलेत. चहा टाक."