तुलसाबाईची चार बोटं

तिरोड्याजवळच्या एका गावात तुलसाबाई रहांगडाले भाताची रोपं रोवणाऱ्या बायांची पुढारीण होती. धानाच्या बांधीत वीस बाया असल्या तरी तुलसाबाई कोणती हे लांबूनच कळायचं, इतकी ती उंच. नवरा शिवलालपेक्षाही दोन बोटं जास्तच. कोणी हसू नये म्हणून त्याच्यासोबत चालताना ती जन्मभर जरा वाकूनच चालली.

२००७च्या उन्हाळ्यात पाण्याचा हंडा उचलताना तिच्या पाठीत कटकन झालं. महिनाभर शेक घेतला, दुखणं ओसरलं. पण दिवाळीपर्यंत नेसलेलं पातळ पायात येऊ लागलं. वरच्या फळीवरच्या डब्याला हात पुरेना. आणि पोट पुढे आलं. खाणं तर निम्म्यावर आलेलं. चार घासांत पोट भरायचं. पोटात गोळा आहे, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं. तिची मोठी बहीण गोळ्यानंच गेली होती.

कुणाला सांगितलं नाही, पण एका जागी टिकेना. भाजी चिरता चिरता उठायची, अंगणात जायची, पोट चाचपायची, परत यायची. सून रुचि काय झालं म्हणून विचारायला गेली, तर तिच्यावरच खेकसली.

अर्जुनी मोरगावला भाचीच्या लग्नात एका म्हाताऱ्या नातलग बाईनं तिला ओळखलंच नाही. ओळख पटली तेव्हा चार बायांत पोटाकडे बघून विचारलं, हे काय झालं गं? तुलसाबाई न जेवता मांडवाबाहेर जाऊन उभी राहिली. शिवलाल मागोमाग आला. तेव्हा कुठे तिनं तोंड उघडलं.

दोन दिवसांनी गोंदियाच्या डॉक्टरनं पाठीचा फोटो काढला. गोळाबिळा काही नव्हता. हाडं पोकळ होऊन पाठीच्या कण्याचे तीन मणके चेपले होते. पाठ आखूड झाली, आतल्या पोटाला जागा उरली नाही, म्हणून ते पुढे आलं. उंची चार बोटं कमी भरली.

"गोळा असता तं कापून तरी काढला असता," बसस्टँडवर ती म्हणाली. "हे आता वापस येत नाई."

शिवलाल म्हणाला, "तू माह्याहून उंच होतीस ते मले आवडत होतं. वाकून काऊन चालत होतीस, मी कधी म्हणलो का?"

बस आली.

आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी हाडांसाठीची गोळी घ्यायची, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही. तो अर्धा तास ती अंगणात येरझारा घालायची. रुचिनं डबे खालच्या फळीवर आणले, तर त्यावरूनही तुलसाबाईनं दोन दिवस अबोला धरला.

पावसाळ्यात मना केलं तरी ती रोवण्याला गेली. घटकाभरात पाठीतून अशी कळ आली की शेजारी रोवणाऱ्या सुशिलाबाईनं तिच्या हातातली रोपांची जुडी काढून घेतली. तुलसाबाई तरातरा घरी गेली आणि तासाभरात परतही आली. धुऱ्यावर, बांधीच्या उंच कडेवर, उभी राहून तिनं सांगितलं की कोपऱ्यात रोवणं विरळ होऊन राहिलं. सुशिलाबाई कुरकुरली, पण कोपऱ्याकडे सरकली. संध्याकाळी तिनंच विचारलं, "उद्या कोणाच्या बांधीत जायचं?"

तुलसाबाईनं सांगितलं. उभं राहिलं तरी दुखायचं, बसलं तरी दुखायचं; म्हणून तो सगळा हंगाम ती एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर फिरतच राहिली.