आखूड हौदा आणि नानांची शिट्टी

माझे वडील बाळासाहेब एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीला अकरा वर्षं झाली, तरी घराबाहेर पडताना शर्टाचा वरचा खिसा चाचपतात. खिशात पितळी शिट्टी असते. दर उन्हाळ्यात ते तीन महिने आयर्लंडमध्ये, गॉलवेला आमच्याकडे येतात, तेव्हा तीही येते. पहिल्या खेपेला विमानतळावर ती ट्रेमध्ये काढून ठेवायला लावली होती. तो अपमान ते अजून विसरलेले नाहीत.

घरात आम्ही त्यांना नाना म्हणतो. गॉलवेत नानांना करण्यासारखं काही नसतं. मी वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत कामाला, सकाळी सातला बाहेर पडतो. नाना समुद्रावर फेरी मारतात, मग बस थांब्यावर उभं राहून येणारी प्रत्येक बस घड्याळाशी ताडून बघतात. "हितं ड्रायवरच तिकिटं फाडतो," असं त्यांनी पहिल्या आठवड्यात मला ऑफिसात फोन करून कळवलं होतं. लग्नात भटजीच बँड वाजवतोय असं सांगावं, तसा आवाज होता.

नानांचा एक किस्सा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्र्याण्णव साली तालुक्याच्या स्टँडवर त्यांची गाडी रिव्हर्स घेताना पाणपोईला लागली. पाणपोई पडली, माणूस कुणी नव्हतं. ड्रायव्हर होता दत्तू शेळके. "शिट्टी न घेताच दत्त्यानं गाडी माघारी सोडली," असं नाना सांगत. चौकशी झाली, नानांची साक्ष झाली, दत्तू तीन महिने निलंबित झाला आणि मग लांबच्या डेपोत गेला. किस्सा संपवताना नाना बोट वर करत: "चूक ड्रायवरची." आमच्या घरात ती म्हणच झाली होती. दूध उतू गेलं तरी आई म्हणायची, चूक ड्रायवरची.

मग गेल्या वर्षी माधवीने ट्रेलर घेतला.

माधवी माझी बायको. नाशिकला ती ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची. इथे आली ती माझ्या व्हिसाला जोडून, आणि पाच वर्षं तिची ओळख 'चैतन्यची मिसेस' एवढीच होती. ती ओळख तिला आवडत नसे आणि तसं ती मला अधूनमधून सांगत असे. मग शनिवारच्या बाजारात टेबल टाकून तिने मिसळ विकायला सुरुवात केली. मिसळ खपायची, पण वाऱ्याने छत्री उडायची आणि छत्रीमागे मला पळावं लागायचं. ट्रेलर आणल्यावर माझं पळणं थांबलं.

ट्रेलर नऊ मीटर लांब. आधी त्यात गावोगाव फिरून लोकांचे कान तपासत असत, त्यामुळे आत एक आवाजबंद खोली आहे. तिथे माधवीने फ्रीज ठेवला. त्याची घरघर अजिबात ऐकू येत नाही.

हा ट्रेलर गाडीच्या मागच्या हुकाला लागत नाही. त्याचं उंच नाक पिकअपच्या हौद्यावर येतं आणि त्याखालचा खुंटा हौद्यात बसवलेल्या लोखंडी हिचमध्ये अडकतो. याला फिफ्थ व्हील म्हणतात. नाना ट्रेलरभोवती दोन प्रदक्षिणा घालून आले आणि पाचवं चाक कुठेच नाही, तुम्हाला फसवलं, असं त्यांनी जाहीर केलं.

पिकअप माझ्या पसंतीचा. चार दारांचा आणि आखूड हौद्याचा, कारण लांब हौद्याचा आमच्या दारात मावला नसता. हौदा आखूड म्हणजे ट्रेलरचं नाक केबिनच्या मागच्या काचेला जवळजवळ चिकटलेलं. सरळ रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. पण रिव्हर्स घेताना जास्त वळवलं की नाकाचा कोपरा फिरतो आणि काचेत शिरतो. माधवीने पुठ्ठ्याचे दोन तुकडे टाचणीवर फिरवून मला हे ओट्यावर सिद्ध करून दाखवलं. साठ अंशांपर्यंत ठीक, पुढे काच गेली. ट्रेलर विकणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं तर म्हणाला, "आह, यू'ल बी ग्रँड," म्हणजे काही होत नाही. या देशात पाय मोडलेला माणूससुद्धा ग्रँडच असतो.

शेवटी सरकता हिच बसवला. घट्ट वळणाआधी थांबायचं, ट्रेलरचे ब्रेक लावायचे, हिचचा दांडा ओढायचा आणि पिकअप फूटभर पुढे घ्यायचा. हिच हौद्यात मागे सरकतो आणि काचेला जागा मिळते. पाच मिनिटांचं काम. ट्रेलर ओढायचा परवाना माधवीने दुसऱ्या प्रयत्नात मिळवला. मी काढलेला नाही. वेळ मिळाला नाही असं मी सांगतो.

आता घरात ड्रायव्हर आला होता, आणि ड्रायव्हर म्हटला की कंडक्टर आलाच. त्या उन्हाळ्यात नाना दहा वर्षांनी तरुण दिसू लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी माधवीला नियम सांगितले. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आणि रिव्हर्सला कंडक्टरशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. हा शेवटचा नियम मला पाठ होता. लहानपणी मामाच्या जीपमध्ये मी "मागे म्हैस आहे" असं ओरडलो होतो. मागे म्हैस होती, तरीही मला थोबाडीत बसली होती.

माधवीला ते "ड्रायवर" अशी हाक मारू लागले. 'मिसेस'पेक्षा तिला ते आवडलं.

जूनमध्ये रिंगास्किडीहून बोलावणं आलं. कॉर्कजवळच्या त्या बंदरावर औषधांचे कारखाने आहेत. त्यातल्या एकाचं कँटीन दुरुस्तीसाठी वर्षभर बंद होणार होतं आणि रोज एक वेगळी खाण्याची गाडी आत बोलवायची होती. गुरुवार रिकामा होता. एक गुरुवार चाचणीचा. अकरापर्यंत ट्रेलर जागेवर लागला आणि जेवण नीट झालं, तर पुढे वर्षभराचे गुरुवार माधवीचे. शनिवारच्या बाजारावर एवढा ट्रेलर पोसला जात नव्हता. "हा गुरुवार गेला तर ट्रेलर विकायचा आणि मी पुन्हा घरात," असं तिने मला भाजी चिरता चिरता सांगितलं. सुरी चालूच होती.

त्या गुरुवारी मी रजा घेतली. सहाला निघालो. ट्रेलर मागे असला की ऐंशीच्या वर जाता येत नाही. लिमरिकपर्यंत सगळ्यांनी आम्हाला ओव्हरटेक केलं, एका ट्रॅक्टरचा अपवाद. नाना पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागच्या सीटवर भिजवलेल्या मटकीच्या डब्याशेजारी. दहाला कारखान्याच्या फाटकात शिरलो.

जागा होती सायकल शेडच्या मागे, एका भिंतीपाशी. काटकोनात रिव्हर्स घेतल्याशिवाय तिथे जाता येत नव्हतं. माधवीने गाडी थांबवली, पट्टा काढला आणि हिच सरकवायला उतरण्यासाठी दाराला हात घातला.

तेवढ्यात मागे एक लॉरी येऊन उभी राहिली, तिच्यामागे दोन मोटारी. स्टँडचं तोंड अडवून ठेवणं नानांच्या रक्तात नाही. ते केव्हाच उतरून ट्रेलरच्या मागे पोचले होते. त्यांनी भिंत बघितली, शेड बघितली, हात वर केला आणि दोन शिट्ट्या दिल्या.

माधवीचा हात दारावर तसाच राहिला. तिने आरशात पाहिलं. आरशात सासरे होते, ताठ उभे, हात वर. तिने दार लावून घेतलं आणि रिव्हर्स टाकला.

मी मागे वळून बसलो होतो. ट्रेलरचं नाक माझ्या चेहऱ्यासमोर फिरायला लागलं. पन्नास अंश असतील, मग साठ. पुठ्ठ्याचे तुकडे मला लख्ख आठवत होते. हिच सरकवलेला नाही हे मला माहीत होतं. तोंड उघडलं तर माधवी थांबली असती. मी बेचाळीस वर्षांचा आहे, माझ्या हाताखाली नऊ इंजिनिअर आहेत, आणि मी तोंड उघडलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

ट्रेलरची मागची बाजू मात्र सुंदर जात होती. नानांचं सगळं लक्ष तिकडे होतं. एकतीस वर्षं त्यांनी मागेच पाहिलं होतं, आणि एसटीच्या मधोमध काही मोडू शकतं हे कुणी त्यांना कधी शिकवलं नव्हतं. दोन शिट्ट्या, पुन्हा दोन शिट्ट्या. मग फाडकन काच फुटली आणि तिचे बारीक खडे माझ्या कॉलरमधून शर्टात गेले. थोडे मटकीवर पडले. डब्याला झाकण होतं.

कारखान्याची सुरक्षा अधिकारी ओर्ला नावाची उंच बाई होती. पिवळं जॅकेट घालून ती आली, कुणाला लागलं का विचारलं आणि लगेच फॉर्म काढला. तिचा नियम सरळ होता. चूक चालवणाऱ्याची असेल, तर आज या आवारात ती चालवणार नाही, म्हणजे चाचणी संपली. चूक मागे उभं राहून दाखवणाऱ्याची असेल, तर तो माणूस बदलायचा आणि पुन्हा एकदा प्रयत्न करायचा.

"काय म्हनती ती?" नानांनी मला विचारलं.

मी सगळं मराठीत सांगितलं. "हिच सरकवायला मीच उतरले नाही," माधवी हळूच म्हणाली. "माझ्याच नावावर लिहू दे."

नाना फुटलेल्या काचेकडे बघत होते, मग हौद्यातल्या हिचकडे, मग पुन्हा काचेकडे. मला वाटलं, आता बोट वर होणार. त्यांचं वाक्य मला ऐकू यायला लागलं होतं आणि त्या क्षणी मला ते अजिबात ऐकायचं नव्हतं.

"लिव म्हनावं," नाना म्हणाले. "ड्रायवर उतरत व्हती. शिट्टी मी दिली. चूक कंडक्टरची."

मी तसंच इंग्रजीत सांगितलं. ओर्लाने लिहून घेतलं आणि सहीसाठी फॉर्म पुढे केला. नानांनी मराठीत सही केली आणि सवयीने खाली बिल्ला नंबर घातला. मग शिट्टी काढली, रुमालाने पुसली आणि माझ्या हातात दिली.

माधवीने दांडा ओढला, पिकअप फूटभर पुढे घेतला, हिच मागे सरकला. नाना मागच्या सीटवर उलटे गुडघ्यांवर बसले आणि काच गेलेल्या चौकटीतून हात बाहेर काढून नाकाचं अंतर वितीने मोजत राहिले. मी ट्रेलरच्या मागे उभा राहून शिट्टी वाजवली. पहिल्यांदा नुसती हवाच गेली. "दोन वीत हाये! येऊ दे!" नाना आतून ओरडत होते. रिव्हर्सला दोघं बोलत होते, नियम मोडला होता, आणि अकराला दहा कमी असताना ट्रेलर जागेवर लागला.

मिसळ दीडला संपली. ओर्ला शेवटी आली. तिने तिखट रस्सा पाणी न मागता संपवला, डोळे पुसले आणि पुढच्या गुरुवारी फाटक साडेनऊला उघडेल, असं माधवीला सांगितलं. माधवी आवाजबंद खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ती ओरडली की रडली ते मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा हातात दह्याचा रिकामा डबा होता.

परतताना मागच्या चौकटीला आम्ही प्लास्टिक चिकटवलं होतं. ते इतकं फडफडत होतं की बोललेलं ऐकू येत नव्हतं. मॅलो गावाच्या पुढे पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा नानांनी त्यांचा फोन माझ्यापुढे धरला. निवृत्त एसटीवाल्यांचा ग्रुप उघडा होता. खाली यादीत दत्तू शेळके होता. त्या ग्रुपमध्ये दोघं सात वर्षं आहेत आणि एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत.

"याला फोन लावून दे," नाना म्हणाले. "आवाज मोठा कर. मला ऐकू येत नाय."

मी स्पीकर लावला. तिकडे रात्र झाली असणार. मागे टीव्ही चालू होता.

"दत्तू, बाळासाहेब बोलतोय. आयर्लंडवरनं." नानांचा हात खिशाकडे गेला, खिसा रिकामा होता. "आरं, ती पानपोई. आपल्या स्टँडवरची. शिट्टी दिली व्हती मी. दोन."

तिकडचा टीव्ही कुणीतरी बंद केला.

"मला माहितीय की," दत्तू म्हणाला. "ऐकूनच तर गाडी सोडली व्हती."