ठिपका आधी, तपासणी मग

आमच्या ह्यांना बाजारात कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे ‘भरूनबघू’ म्हणतात, आणि तेही तोंडावर. मेमरी कार्ड घ्यायला गिऱ्हाईक आलं, की ते कितीही घायकुतीला येवो, ह्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: “थांबा, भरून बघू.” म्हणजे कार्डावर दोनशे छप्पन जीबी छापलंय ना, मग दोनशे छप्पन जीबी आधी त्यात कोंबायचं, ते सगळं परत वाचून ताडून बघायचं, आणि मगच कार्ड विकायचं. वेगवान कार्डाला दोन-तीन तास लागतात, रखडणाऱ्याला पाच. तोपर्यंत गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊन कार्ड घेऊन घरी पोचलेलं असतं.

ह्यांचा हा स्वभाव जुन्या धंद्यातून आलेला. दुकान टाकण्याआधी वीस वर्षं हे वजनकाटे दुरुस्त करत होते. काट्यावर एक किलो दिसतं म्हणून पिशवीत एक किलो असतंच असं नाही, हे त्यांनी हजार ठिकाणी पाहिलेलं. त्यामुळे छापील आकड्यावर ह्यांचा विश्वास नाही. लग्न ठरताना माझी जन्मतारीखसुद्धा ह्यांनी दोनदा विचारली होती.

आणि कार्डांच्या बाबतीत हे बरोबरच असतात, ते मला मान्य करावं लागतं. बनावट कार्ड सफाईदार खोटं बोलतं. आत जागा सोळाची, पण मोबाइलला सांगतं दोनशे छप्पन. मोबाइल बिचारा भाबडा, तो चित्रण पाठवत राहतो. फाइलचं नाव दिसतं, आकार दिसतो, तारीख दिसते. उघडायला गेलं की आत काही नाही, कारण सोळानंतरचं काही कधी उतरलेलंच नसतं.

दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. पुढे काउंटर, त्यामागे ह्यांचा कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यात दिव्याखाली माझं टेबल. फुटलेल्या स्क्रीन मी बदलते. करंगळीच्या नखाएवढं कार्ड ह्यांना धड दिसत नाही, म्हणून ते रीडरमध्ये घालायचं आणि काढायचं कामही माझंच. हे स्क्रीनवरचे आकडे वाचतात, “पास” म्हणतात, मग मी त्या कार्डाच्या पाठीवर माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका देते. ठिपका असला की कार्ड विकायचं, नसला की नाही. बाजारातले फोटोवालेसुद्धा आता ठिपका बघूनच कार्ड मागतात.

तर हा ठिपका मी विटाळला. कसा, ते सांगते.

त्या आठवड्यात वीस कार्डं आली होती. एक कार्ड पास झालं की मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर ठेवायचा, बाटली उघडायची, ठिपका द्यायचा, बाटली बंद करायची, तो वाळेपर्यंत फुंकर घालत बसायचं आणि परत स्क्रीनकडे वळायचं. असं वीस वेळा! मला वैताग आला. मी एका बैठकीत विसांच्या विसांना ठिपके देऊन टाकले. नापास होईल त्याचा पुसू, त्यात काय मोठंसं. पास झालेली ट्रेच्या डावीकडे, राहिलेली उजवीकडे. ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ह्यांनी दोन तास प्रवचन दिलं असतं.

गुरुवारी हे घाऊक व्यापाऱ्याकडे गेले असताना एक मुलगी आली. सातवा महिना असेल, धापा टाकत होती. म्हणाली, “काकू, सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मोठं कार्ड द्या. तीन संध्याकाळी चित्रण करायचंय, मध्येच भरलं असं व्हायला नको.”

तिच्या वडिलांचं सोमवारी घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते. माणूस वाचणार होता, आवाज जाणार होता. तिचे वडील म्हणजे क्लचमास्तर. अर्ध्या शहराला गाडी त्यांनी शिकवली, आमच्या ह्यांनासुद्धा. ही लहान असताना मास्तर तिला एका हट्टी गाडीच्या गोष्टी सांगायचे. त्या गोष्टी बाळासाठी त्यांच्या आवाजात ठेवायच्या होत्या.

डावीकडे दोनशे छप्पनचं एकही शिल्लक नव्हतं. उजवीकडे होती. “संध्याकाळी ये” म्हणायला हवं होतं. पण तिची अवस्था बघून, आणि खरं सांगायचं तर ट्रेमधली तेरा पास झाली म्हणजे चौदावं काय वेगळं निघणार, अशा विचाराने मी उजवीकडचं उचललं. ठिपका दाखवून म्हटलंसुद्धा, “हे बघ, तपासलेलं आहे.”

सोमवारी सकाळी साडेआठला शटर वर करतोय तोवर ती दारात उभी होती. केस विंचरलेले नव्हते. मोबाइल आणि कार्ड काउंटरवर ठेवून म्हणाली, “काका, उघडत नाहीये. बाबा सकाळी म्हणाले, कालचं दाखव जरा. शुक्रवारचं थोडं लागतं. पुढचं काहीच लागत नाही.”

तिने लावून दाखवलं. पलंगावर मास्तर बसलेले, बसक्या आवाजात विचारतायत, “चालू झालं का? लाल दिवा दिसतोय का? मग मी काय करू, हसू?” पुढे बराच वेळ घसा खाकरणं, उशी सरकवणं, आणि पहिली गोष्ट सुरू होते न होते तोच चित्र थांबलं. शनिवार, रविवार, एकूण चार तास. नावं दिसत होती. आत काही नव्हतं.

मला त्या क्षणी कळलं, हे उजवीकडचं कार्ड.

ह्यांनी कार्ड तळहातावर पालथं केलं, चष्मा लावून ठिपका बघितला आणि सुटकेचा श्वास सोडला. “ठिपका आहे. म्हणजे कार्ड भरून बघितलेलं आहे, कार्डात दोष नाही. मोबाइलने घोळ घातला असेल. काढू आपण.”

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. का मिटलं, ह्याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. त्या वेळी एकच होतं: मला लाज वाटली. वीस वर्षं संसार केलेल्या बायकोवर ज्या माणसाने छापील आकड्यापेक्षा जास्त विश्वास टाकला, त्याच्या तोंडावर कसं सांगू? शिवाय वेडी आशा होतीच, की निघालं सगळं तर सांगायची वेळच येणार नाही.

ह्यांनी दुसरी केबल लावली. दुसरा रीडर लावला. मग हरवलेल्या फाइली शोधायचा प्रोग्राम सुरू केला. चार टक्के. सात टक्के. ती स्टुलावर बसली होती, एक हात पोटावर आणि डोळे आकड्यावर. मी समोरच्या मोबाइलचा एकच स्क्रू घट्ट करत होते आणि सैल करत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं मला वाटत होतं की दोघंही माझ्याकडेच बघतायत. कोणी बघत नव्हतं.

नऊ वाजून पाच मिनिटांनी तिच्या नवऱ्याचा हॉस्पिटलमधून फोन आला. आधीच्या पेशंटचं ऑपरेशन रद्द झालं होतं. मास्तरांना अकराऐवजी दहालाच आत नेणार होते.

“काका, होईल ना?”

“होईल गं. कार्ड आपलं आहे म्हटल्यावर होणारच.”

तेवीस टक्के. मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, परत उचलला. घड्याळात सव्वानऊ झाले. ह्यांनी परत तेच म्हटलं, “आपलं कार्ड आहे,” आणि ह्या वेळी तिला धीर यावा म्हणून हसून म्हटलं. ते हसणं मला सोसलं नाही.

“अहो,” मी म्हटलं, “ते तपासलेलं नाही.”

“काय तपासलेलं नाही?”

“ते कार्ड. ठिपका मी आधीच दिला होता. सगळ्यांनाच दिला होता. तुम्ही नव्हता, आणि मी न तपासलेलं उचलून दिलं.”

मला वाटलं, हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ह्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिच्याकडे वळले. इतकं भराभर बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“बाळा, नीट ऐक. चूक आमच्या दुकानाची आहे. त्यात जे नाही ते शोधून मिळणार नाही, कारण ते कधी उतरलंच नाही. ह्याच्यावर आता एक मिनिटही घालवायचं नाही. वडील अजून बोलू शकतात. ऊठ.”

ती उठली नाही. तिला ते समजायलाच काही क्षण गेले. मग ती एकदम उठली. ह्यांनी ड्रॉवरमधून स्वतःच्या वापरातलं कार्ड काढलं, मी ते तिच्या मोबाइलमध्ये घातलं. घाईत ते दोनदा निसटलं. दुकान उघडं टाकून आम्ही तिघं टॅक्सीत बसलो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा हे ड्रायव्हरला म्हणाले, “जमलं तर जरा लवकर,” आणि ड्रायव्हर म्हणाला, “जमलं असतं तर थांबलो असतो का साहेब?”

वॉर्डात पोचलो तेव्हा नऊ चौतीस झाले होते. नर्स म्हणाली, “पावणेदहाला इंजेक्शन देणार, मग गुंगी येते. काय बोलायचं ते पटकन बोलून घ्या.”

अकरा मिनिटं उरली होती.

हे दाराबाहेरच थांबले. मास्तरांना तोंड दाखवायची त्यांची छाती झाली नाही, आणि चूक तर त्यांची नव्हतीच. मी आत गेले. मुलीला वडिलांजवळ बसता यावं म्हणून मोबाइल मी धरला.

मुलीने एका वाक्यात सांगितलं. मास्तरांनी डोळे मिटले आणि उघडले. “परत? काल घसा फोडून बोललो मी.” मग तिचा चेहरा बघून म्हणाले, “बरं, बरं. पहिल्या परीक्षेत नापास झालं की दुसरी द्यायचीच असते. किती वेळ आहे?”

“दहा मिनिटं, बाबा.”

“मग सगळ्या नाही होणार. एकच सांगतो. चालू झालं का?”

मी मान हलवली.

त्यांनी हट्टी गाडीची गोष्ट सुरू केली. एक गाडी होती, ती पुढे जायची पण मागे यायचीच नाही. मालकाने गोंजारलं, दटावलं, तिला नवा रंग दिला. शेजारी ढकलायला आले. गाडी पुढे पळाली आणि शेजारी तोंडावर आपटले. मास्तरांचा आवाज मध्येच फुटायचा. ते थांबायचे, पाण्याचा घोट त्यांना चालणार नव्हता, म्हणून नुसते ओठ ओले करायचे आणि पुन्हा सुरू करायचे. कुठेही घाई केली नाही. गिअरचा आवाज काढला, मालकाचा रागही काढला. मोबाइल धरलेला माझा हात अवघडला, तरी मी तो हलू दिला नाही.

नर्स आली. बोलता बोलताच त्यांनी दंड पुढे केला. “तर बाळा, ती गाडी मागे का येत नव्हती, ते कोणालाच कळत नव्हतं,” ते म्हणाले. शब्द जड व्हायला लागले होते. स्ट्रेचर आलं. त्यांना त्यावर घेतलं, तरी ते बोलतच होते आणि मी बाजूने चालत होते. “एका रात्री मालकाने तिला विचारलं. म्हणाला, खरं सांग. तेव्हा गाडी म्हणाली, मागे ना...” लिफ्टचं दार उघडलं. “मागे ना...”

आत फक्त कर्मचारी जाऊ शकत होते. दार मिटलं. मी मिटलेल्या दाराचं चित्रण करत उभी होते, ते मुलीने माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला तेव्हा थांबलं.

तिने तिथेच लावून बघितलं. सगळं उतरलं होतं, स्वच्छ, “मागे ना” पर्यंत.

“गाडी काय म्हणते पुढे?” ह्यांनी हळूच विचारलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “ते दर वेळी शेवट वेगळा करायचे. काल म्हणाले होते, हा शेवट खास बाळासाठी ठेवलाय. पण मला झोप अनावर झाली होती, मी ऐकलाच नाही. म्हटलं, कार्डात आहेच.”

“लिहून देतील गं ते,” मी म्हटलं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

“देतील. मग मी तो वाचून दाखवीन. माझ्या आवाजात.”

हे म्हणाले, “बाळा, चूक दुकानाची आहे, म्हणजे माझीच.” त्यांना मला पाठीशी घालायचं होतं. पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

“काकू, ते कार्ड तपासलेलं नाही, हे तुम्हाला कधी आठवलं?”

सव्वानऊ म्हणता आलं असतं. हेही तेच समजून चालले होते.

“तू ते काउंटरवर ठेवलंस तेव्हाच,” मी म्हटलं. “साडेआठला.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग लिफ्टकडे.

“म्हणजे तेव्हाच निघालो असतो, तर गोष्ट पूर्ण झाली असती.”

“हो,” मी म्हटलं. “पूर्ण झाली असती.”