नऊ नंबरचा कप्पा

"तिला आता घरी बसव. पेलाभर पाणी आणलं, त्यातलं अर्धं माझ्या मांडीवर! असल्या हातांनी रोग्यांचे आकडे टाइप करणार ती? एखाद्याचा जीव घेईल."

आवाज मोठ्या वन्संचा. त्यांची मांडी पुसायला फडकं आणायला म्हणून ती आत गेली होती, ती दाराआडच थबकली.

"हात हलतात ताई, डोकं नाही हलत तिचं," नवरा म्हणाला. "आणि तुझं तोंड जरा कमी हललं तर माझं घर शांत राहील."

मग असं काही जुंपलं की वन्सं चपला घालून तरातरा निघाल्या, त्या दोन वर्षं फिरकल्या नाहीत. ती फडकं हातात घेऊन उभीच. नवऱ्यानं बाजू घेतली याचं बरं वाटायचं सोडून तिला त्याचाही राग आला. माझं भांडण मला भांडू द्या की!

ती मोठ्या इस्पितळात, रक्त तपासणाऱ्या विभागात टायपिस्ट. आतल्या खोलीतून हातानं लिहिलेले आकडे येत, ते टाइप करून, छापून चारच्या ठोक्याला वॉर्डावॉर्डात पोचवायचे. चाळिशीत हातांना कंप सुटला. डॉक्टर म्हणाले, जीवाला धोका नाही, पण जायचाही नाही. कीबोर्डच्या कळा दाबता येत. माउस मात्र शत्रू झाला. बाण पडद्यावर माशीसारखा भिरभिरायचा. 'छापा'वर न्यायला जावं तर 'पुसा'वर जाऊन बसायचा.

नवरा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, नाकावर राग. त्यानं एक जुनं यंत्र घेतलं, आतलं सगळं झाडून काढलं आणि एक एवढासा प्रोग्राम बसवला. कॉम्प्युटरवर उघडलेल्या खिडक्या कुठे आणि केवढ्या मांडायच्या, एवढंच त्याचं काम. एक खिडकी उघडली तर ती पडदाभर. दुसरी उघडली की दोघी आपोआप अर्ध्या-अर्ध्या. तिसरी आली की डावीकडे हातातलं काम मोठं, बाकीच्या उजवीकडे एकीखाली एक, मुकाट. वर एक बारीक पट्टी, तिच्यावर एक ते नऊ आकडे, म्हणजे नऊ कप्पे. आकडा दाबला की तो कप्पा समोर, रिकामा असला तर पडदा नुसता काळा. सगळा कारभार कळांवर. थरथरून एकच कळ लगोलग दोनदा दाबली गेली, तर दुसरी मोजायचीच नाही, अशीही सोय त्यानं करून ठेवली.

"एवढा मोठा काळाकुट्ट पडदा! त्यावर एक फूल ठेवायला तुमचं काय जातं?"

"फूल हवं तर कुंडीत लाव."

"निदान घड्याळ तरी?"

यावरून आठवडाभर अबोला. त्या प्रोग्रामात सेटिंग म्हणून कुठे काही नव्हतं. साधा रंग बदलायचा तरी मूळ लिखाणात हात घालायचा आणि प्रोग्राम पुन्हा नव्यानं बांधायचा. पण आठव्या दिवशी पट्टीच्या कोपऱ्यात घड्याळ आलं. "चार वाजता लागतं म्हणून," तो गुरगुरला. "फूल नाही म्हणजे नाही."

जुन्या साहेबांनी ते यंत्र इस्पितळात लावू दिलं. रिपोर्ट वेळेवर येतायत ना, एवढंच ते बघत. पुढे नवरा गेला. प्रोग्राम राहिला. त्याच्यामागे तो एकदाही बिघडला नाही, याचाही तिला राग यायचा. बिघडला असता तर चार शिव्या तरी घातल्या असत्या त्या माणसाला.

मग नवीन साहेब आले. दुपारी डबा खायला जाताना ती नऊ नंबरच्या कप्प्यावर जाई. तो कायम रिकामा. येणाऱ्याजाणाऱ्यानं कुणाचं दुखणं वाचू नये, म्हणून दार लोटून घ्यावं तसं. एके दिवशी नेमके तेव्हाच साहेब खोलीत शिरले. पडदा काळा, वरच्या बारीक पट्टीकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. माउस हलवला, क्लिक केलं, काही होईना. झालं! यंत्र बंद पडलं असं ठरवून त्यांनी प्लग उपटला आणि शिपायाकरवी यंत्र बाहेर भंगारात ठेववलं. वर 'बंद' अशी चिठ्ठी.

ती परत आली. मोकळं टेबल बघून तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"कुणी हात लावला?"

"साहेबांनी, मावशी," शिपाई म्हणाला. "मी नुसतं उचललं."

"मग नुसतं परत उचल!"

यंत्र टेबलावर आलं. तोवर साहेबही आले. तिनं प्लग लावला. पडदा उजळला आणि परत काळा.

"बघा. मी काय म्हणत होतो? काही नाहीये!"

तिनं दोन कळा दाबल्या. तपासणीचे रिपोर्ट ओळीनं उभे राहिले. साहेबांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला.

"एकोणीस सेव्ह केले होते, ते वाचले," ती म्हणाली. "विसावा अर्धा होता, तो तुम्ही मारला."

माणूस खजील झाला की जास्त चिडतो. साहेबांची नजर तिच्या हातांवर गेली. "या हातांनी तुम्ही रोग्यांचे आकडे टाकता?"

मोठ्या वन्संच जणू पॅन्ट घालून समोर उभ्या होत्या. पण आज मध्ये बोलायला नवरा नव्हता, आणि तिला तो नकोही होता.

"बसा तिथं. हातानं लिहिलेला कागद घ्या. मी टाइप करते, तुम्ही ताळा करा."

विसावा रिपोर्ट तिनं पहिल्यापासून टाइप केला. हात लटपटत होते, राग होता म्हणून जरा जास्तच. साहेबांनी आकडा न् आकडा पडताळला. दोनदा. एकही चूक सापडेना.

"ते ठीक आहे," साहेब घसा खाकरून म्हणाले. "पण सोमवारपासून सगळ्यांना नवीन यंत्रं. एकीसाठी वेगळा नियम नाही. जमत नसेल तर राजीनामा द्या."

"मी कशाला देऊ? तुम्ही काढा. कागदावर लिहा, काम बिनचूक करते पण हिचा पडदा काळा आहे, म्हणून काढलं. खाली सही करा. छापून मी देते. चला, सांगा, टाइप करते."

तिनं डावीकडे कोरी खिडकी उघडली. साहेबांनी हातातला कागद टेबलावर टाकला आणि ते निघून गेले. शिपायानं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

तो कागद कधी लिहिलाच गेला नाही. सोमवारी बाकी टेबलांवर नवीन यंत्रं आली, तिचं तसंच राहिलं. साहेबांनी त्या खोलीत येणंच सोडलं. आठ महिने दोघांत 'नमस्कार' सुद्धा नाही. तिनं एकदाही पडतं घेतलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम चारला ठेवला होता.

"चारला कसं जमेल?" ती शिपायावर खेकसली. "अक्कल कुणाची ही?"

"साहेबांची."

"तरीच."

सव्वीस रिपोर्ट तिनं छापले, वॉर्डाप्रमाणे लावले आणि पडदा नऊ नंबरवर नेला.

"आता बंद करू का, मावशी?" शिपायानं विचारलं.

"चालू असू दे. उद्या जिला बसायचंय तिला कळा दाखव. मी सगळ्या लिहून ठेवल्यात."

जिन्यावरून आधी बायकांचा वॉर्ड, मग मुलांचा, मग शेवटचा. शेवटच्या वॉर्डातली नर्स म्हणाली, "मावशी, चार वाजून पाच झाले."

"पाच नाही, तीन. तुमचं घड्याळ पुढे आहे. सही करा."

नर्सनं सही केली. तिनं सह्यांची वही काखेला मारली आणि निरोपाच्या कार्यक्रमाला जायला जिना उतरू लागली.