भाऊंच्या पदरी बावीस वर्षं

मी आर्किटेक्ट आहे असं सांगितलं की लोक विचारतात, शहरात तुमचं काय काय आहे? मी विषय बदलते. कारण हुडकेश्वरचं ते मंगल कार्यालय माझं आहे. पांढऱ्या खांबांवर सोनेरी वेली, छतातून लोंबणारे शिंपले, गुबगुबीत परीबाळं. रस्त्याने जाणारा माणूस एकदा तरी मान वळवून बघतो. मी दुसऱ्या रस्त्याने घरी जाते.

हे सगळं भाऊंच्या आवडीचं. भाऊंची शिक्षणसंस्था होती, कार्यालय होतं आणि हुकूमही गोड बोलून सोडायची हातोटी होती. बावीस वर्षं मी त्यांच्या पदरी काढली. संस्थेची इमारत, हिंगणा रोडवरची कमान, घर, गोठा, मुलीच्या लग्नाचं स्टेज, सगळं मीच केलं. गोठ्यालाही नक्षीचे खांब आहेत. म्हशी काही बोलल्या नाहीत.

पहिल्यांदा मी कार्यालय उघड्या विटांचं काढलं होतं. भाऊंनी कागद डोळ्यांजवळ धरला. "ताई, भिंती काहून उघड्या ठेवून राहिल्या तुम्ही? लोकाइले वाटन, काम अर्धवटच सोडलं." मी भांडायला हवं होतं. पण माझा मुलगा लहान होता, दुसरं काम हातात नव्हतं. पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणत मी युरोपातल्या राजवाड्यांची पुस्तकं काढून बसले.

ती पुस्तकं घरात होती, कारण कॉलेजात मी प्रबंध लिहिला होता तो अठराव्या शतकातल्या एका लहानशा जर्मन संस्थानाच्या दरबारी वास्तुकारावर. रोकोको, म्हणजे वेली-शिंपल्यांच्या शैलीचा माणूस. आयुष्यभर एकाच राजाची चाकरी. महाल, तबेला, कोंबड्यांचं घर, राणीच्या वाढदिवसाचा मांडव, सांगतील ते. राजा गेला, पुतण्या गादीवर आला, त्याला सरळ रेषा आवडायच्या. म्हाताऱ्याला नारळ मिळाला. मी प्रबंधात त्याला कणाहीन म्हटलं होतं. परीक्षकांना ते फार आवडलं. आता त्या शब्दाची लाज वाटते, तो खोटा होता म्हणून नव्हे.

भाऊ गेल्या वर्षी वारले. त्यांचा धाकटा मुलगा मिहानमधल्या कंपनीतली नोकरी सोडून कारभार बघू लागला. त्याचा फोन आला, "आंटी, कार्यालय पूर्ण नवं करायचं आहे, या एकदा." तीन दिवस मी टेबलावरून हलले नाही. विटा, पश्चिमेला जाळी, मधोमध चौक, तिथला कडुनिंब तसाच ठेवून त्याच्याभोवती पंगतीची ओसरी. एकही वेल नाही. वय सत्तावन्न, आणि इतक्या वर्षांनी पुन्हा स्वतःचं काहीतरी काढत होते. वरातीमागून घोडं तर घोडं.

मी गेले तेव्हा त्याने चहा मागवला आणि आपणच सुरू झाला. "आंटी, मले हे शिंपले-बिंपले काही नको. एकदम साधं पाहिजे. विटा दिसल्या पाहिजे." माझा हात नकाशाच्या गुंडाळीवर गेला. "म्हणून मी पुण्याचा एक आर्किटेक्ट पाहून राहिलो. राग नका मानू, तुमची स्टाइल वेगळी आहे. पण जुनं उतरवताना तुम्ही लागसान. कोणता खांब खरा, कोणता पोकळ, तुमालेच माहीत."

मी नकाशा उलगडला. तो वाकला. त्याचं बोट जाळीवरून चौकात आलं, कडुनिंबाभोवती फिरलं. मला वाटलं, जमलं आपलं काम.

"मस्त आहे," तो म्हणाला. "कोणाकडून काढून घेतलं, आंटी?"

बावीस वर्षांचा राग उसळून आला. त्याला तरी काय दोष देऊ? माझं दुसरं काही त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. 'मी काढलंय' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "ऑफिसात एक मुलगी आहे." रुसून म्हणाले, की तो विश्वास ठेवणार नाही या भीतीने, मला अजून कळलेलं नाही.

तो खूश झाला. "मग पुणं कशाले? तिलेच देऊ काम. सोमवारी घेऊन या तिले."

माझ्या ऑफिसात माझ्याशिवाय कोणी नाही. सोमवार होऊन गेला. त्याचा फोन येतो, तेव्हा मी सांगते, ती सुट्टीवर आहे.